एएमएचचा आकडा म्हणजे अंडाशयाचं वय नव्हे

‘तुमच्या अंडाशयाचं खरं वय जाणून घ्या’ अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. रक्ताची एक चाचणी करायची आणि एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) कमी आलं की तिशीतल्या बाईला चाळिशीची ठरवायचं. हे चूक आहे. अशा आकड्यापायी अनेक जणी विनाकारण धास्तावतात.

एएमएच हे संप्रेरक अंडाशयातल्या लहान, वाढीला लागलेल्या पुटकांमधून, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पिशव्यांमधून, स्रवतं. त्यावरून बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो आणि आयव्हीएफमध्ये तो उपयोगी पडतो. पण वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वर्षांच्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता कमी आढळली नाही.

वय साचतं ते बीजाच्या आत. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सारी स्त्रीबीजं तयार होतात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ती ६०-७० लाख असतात, जन्मावेळी १०-२० लाख उरतात. प्रत्येक बीज अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन) सुरू करतं आणि मध्येच थांबतं. थेट बीज सुटायच्या वेळी, म्हणजे कधीकधी ४० वर्षांनी, ते पुढे सरकतं. एवढा काळ गुणसूत्रांना बांधून ठेवतं कोहेसिन, कड्याच्या आकाराचं प्रथिन. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की हे कोहेसिन गर्भावस्थेतच बसतं, नंतर त्याची भरपाई होत नाही. गुणसूत्रबिंदूजवळचं, म्हणजे गुणसूत्राच्या दोन प्रती जिथे जुळलेल्या असतात तिथलं, कोहेसिन वेळेआधी कापलं जाऊ नये म्हणून शुगोशिन हे दुसरं प्रथिन राखण करतं. वयाबरोबर तेही घटतं. मग बंध सैल होतात आणि विभाजनात एखादं गुणसूत्र भलतीकडे जातं. २१वं गुणसूत्र जास्तीचं आलं तर डाउन सिंड्रोम होतो. आई २५ वर्षांची असेल तर सुमारे १२५० बाळांत एक, ४० वर्षांची असेल तर सुमारे १०० त एक.

रक्तातल्या एएमएचमधून यातलं काहीच कळत नाही. आणि ‘अंडाशय तरुण करणाऱ्या’ गोळ्या-चूर्णांपैकी एकानेही झिजलेलं कोहेसिन परत बसवल्याचा पुरावा नाही. धूम्रपानाने मात्र रजोनिवृत्ती साधारण एक-दोन वर्षं आधी येते, याचा पुरावा भक्कम आहे.

बाकी शरीराचं जैविक वय वेगळ्या रीतीने मोजतात. डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल गटांवरून, म्हणजे लहानशा रासायनिक खुणांवरून, ते काढता येतं. संशोधक स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ साली मांडलेलं वय मोजायचं ‘घड्याळ’ डीएनएवरच्या अशा ३५३ जागा वाचतं. २०२३ सालच्या एका संशोधनात दिसलं, की गरोदरपणात हे वय वाढतं आणि बाळंतपणानंतर पुन्हा खाली येतं.