प्रशिक्षण-संक्रमण

प्रशिक्षणात मिळवलेले ज्ञान व कौशल्य प्रत्यक्ष कामाच्या जागी वापरात येणे आणि तेथे टिकणे. मराठी शिक्षणशास्त्रात ‘अध्ययन संक्रमण’ ही व्यापक संज्ञा रूढ आहे. ही नोंद तिच्या नोकरी-धंद्यातील अंगापुरती आहे. ‘हस्तांतरण’ हा पर्यायही आढळतो. परंतु येथे कौशल्य एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही, त्याच माणसाबरोबर जागा बदलते. म्हणून ‘संक्रमण’ अधिक सयुक्तिक वाटते.

संकल्पनेचे मूळ साधारणपणे 1901 मधील थॉर्नडाइक व वुडवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत मानतात. आयतांचे क्षेत्रफळ अंदाजाने सांगण्याचा सराव केलेल्यांना वेगळ्या आकारांच्या व मापांच्या आकृतींवर त्याचा फारसा लाभ झाला नाही. यावरून दोन कामांत जेवढे घटक समान, तेवढेच संक्रमण, हा ‘समान घटक’ सिद्धान्त पुढे आला. 1908 मध्ये चार्ल्स जड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वेगळे मत मांडले. पाण्याखालच्या लक्ष्यावर नेम मारणाऱ्या मुलांपैकी ज्यांना प्रकाशाचे वक्रीभवन समजावले होते, ती पाण्याची खोली 12 इंचांवरून 4 इंच होताच इतरांपेक्षा सरस ठरली, म्हणजे तत्त्व समजले तर ते नव्या जागीही चालते. जडच्या मूळ निबंधात आकडेवारी जवळजवळ नाही. 1941 मध्ये हेन्ड्रिक्सन व श्रोडर यांनी हवेच्या बंदुकीने प्रयोग पुन्हा केला, तेव्हा परिणाम त्याच दिशेचा पण सौम्य आला. हातकामाच्या प्रशिक्षणाबाबत थॉर्नडाइकची बाजू अधिक भक्कम दिसते. मात्र यंत्र किंवा पीकपद्धत बदलते तेथे जडला वगळून चालत नाही.

प्रशिक्षणातील जेमतेम 10 टक्के भाग कामावर उतरतो, हे विधान सर्रास उद्धृत होते. त्याचा माग 1982 मधील जॉर्जेन्सनच्या एका लेखापर्यंत जातो, आणि तेथे तो प्रशिक्षण-प्रमुखांच्या तोंडी घातलेला अंदाज आहे, मोजणीचा निष्कर्ष नाही. हा आकडा वापरू नये. बॉल्डविन व फोर्ड यांनी 1988 मध्ये संक्रमणाची कारणे तीन ठिकाणी शोधली : शिकणारा, प्रशिक्षणाची रचना आणि कामाची जागा. तिसरीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

खानदेशात हे दोन टोकांच्या उदाहरणांतून दिसते. भुसावळ येथील रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेत शिकलेले सामान्य नियम कोणत्याही स्थानकावर तेच असतात. समान घटक भरपूर. तरीही नवीन स्टेशन मास्तराला त्या स्थानकाचे कार्यनियम समजून घेऊन तशी सही केल्याशिवाय स्वतंत्र ड्यूटी मिळत नाही. वर्ग आणि फलाट यांच्यातली ही पायरी नियमानेच बांधून दिलेली आहे.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात अशी पायरी नाही. रूढ पद्धतीत टोळी घड कापून तसाच गाडीत भरते. निर्यातीसाठी मात्र फण्या वेगळ्या करणे, धुणे, डाग न पाडता खोक्यात लावणे हे शिकावे लागते. शिकवणारे असतात, शिकणारेही मन लावून शिकतात. परंतु जेथे मजुरी वजनावर मिळते, तेथे सावकाश, जपून हाताळणाऱ्याचे त्या दिवशी नुकसानच होते, आणि शिकलेला हात जुन्या सवयीकडे वळतो. अशा वेळी ‘मजूर शिकत नाहीत’ हा ठपका अन्यायाचा आहे. दोष मजुरीच्या हिशोबात असतो. पाल व ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रांची प्रात्यक्षिके शेतकऱ्याच्या बांधावर होतात, तेव्हा निदान जागेचे अंतर तरी उरत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कसब शिकून कारखान्यात जाणाऱ्यांसाठी 1961 चा शिकाऊ उमेदवार अधिनियम हा दुवा आहे. उमेदवारी म्हणजे शिकण्याचे आणि कामाचे ठिकाण एकच असण्याचा काळ. जुना लेथ हाताळून आलेल्या मुलाला संगणकचलित यंत्रापुढे उभे केल्यावर पहिले काही आठवडे शेजारी अनुभवी कारागीर असणे यात निर्णायक ठरते.