शेकाची पिशवी कपाटातच राहू द्या

दुखलं की शेक, हे आपल्या घरातलं पहिलं औषध. कंबर असो की पोट, कुणीतरी गरम पाण्याची पिशवी आणून देतंच. स्तनात इम्प्लांट बसवल्यावर मात्र हा शेक टाळावा, कारण तिथल्या त्वचेला काही काळ गरम-गार नीट कळत नाही.

इम्प्लांटसाठी आत जागा करताना फासळ्यांमधून त्वचेकडे येणाऱ्या बारीक नसा ताणल्या जातात, काही तुटतात. कर्करोगामुळे स्तन काढून पुनर्रचना केली असेल तर बधिरपणा जास्त, पुष्कळदा कायमचा. अशा त्वचेवर पिशवी ठेवून डोळा लागला तर चटका जाणवतच नाही, जाग येते तेव्हा फोड आलेले असतात. बर्फाचंही तेच. सर्जनने सांगितलं असेल तरच, कापडात गुंडाळून, थोडा वेळ.

मग एवढं दुखतं काय? बहुतेक वेळा स्नायू. इम्प्लांट छातीच्या मोठ्या स्नायूखाली बसवलं असेल तर तो एकाएकी ताणला जातो, आखडतो आणि छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड वाटतं. स्नायूच्या वर बसवलं असेल तर त्रास सहसा कमी. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. हा स्नायू थेट दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो, म्हणून कणीक तिंबली, भरलेला कुकर उचलला, फळीवरचा डबा काढला, की कळ छातीत येते. हातावर भार देऊन पलंगावरून उठलं तर हमखास. पाठीशी दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसतं झोपलं तर सूज कमी राहते आणि उठायलाही सोपं जातं.

गोळ्यांमध्ये सगळ्यात साधी पॅरासिटामॉल, आणि गफलत होते तीही हिच्यातच. निरोगी प्रौढासाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम होतात. वर सर्दीची गोळी घेतली, की तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं. ट्रॅमाडॉल हे जास्त जोराचं वेदनाशामक ज्या मिश्र गोळीतून देतात, तिच्यातही असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा इथे यकृताला महाग पडतो.

अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना ती त्यांच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवसांपर्यंत, निकामी करते. हृदयासाठी चालू असेल तर परस्पर बंदही करू नये, डॉक्टरांना विचारावं. ट्रॅमाडॉलने गुंगी येते, पोट साफ होत नाही. ती चालू असताना गाडी चालवायची नाही.

दुखणं दिवसागणिक उतरायला हवं. एकच बाजू अचानक फुगून टणक झाली तर आत रक्त साचलं असण्याची शक्यता असते. ताप, वाढती लाली, जखमेतून पू, पोटरीत सूज किंवा धाप, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावं.

काही आठवड्यांनी मात्र निवांत बसलेलं असताना विजेचा झटका बसावा तशी चमक येऊ शकते. पुष्कळदा ती नसा पुन्हा वाढत असल्याची खूण असते. त्यांचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. तोवर आंघोळीचं पाणी कोपर बुडवून पाहायचं, तान्ह्या बाळासाठी पाहतो तसं.