वापरसुलभ रचनेचे मानसशास्त्र

वापरसुलभ रचनेचे मानसशास्त्र : वस्तू, यंत्रे, अर्ज आणि मोबाइल ॲप यांची घडण करताना माणसाचे लक्ष, स्मरण, आकलन, सवयी आणि चुका यांविषयीचे मानसशास्त्रीय ज्ञान उपयोगात आणणारी विद्याशाखा. अभियांत्रिकी, औद्योगिक अभिकल्प आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवर ती वाढली. वापरसुलभतेची आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात (१९९८, सुधारित २०१८) दिलेली व्याख्या सामान्यतः प्रमाण धरली जाते. ठरावीक लोकांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम किती अचूकपणे, किती कमी श्रमांत आणि किती समाधानाने पार पाडता येते, हे त्या व्याख्येनुसार वापरसुलभतेचे माप होय. यातला ‘ठरावीक परिस्थिती’ हा भाग वाचताना सहज नजरेतून सुटतो. मुंबईतल्या कार्यालयात सोपी वाटलेली गोष्ट हिंगोलीच्या शिवारात, डोक्यावर ऊन, हाताला चिखल आणि फोनला रेंज नाही अशा वेळी सोपी राहीलच असे नाही. प्रस्तुत नोंदीतली उदाहरणे म्हणूनच मुख्यतः मराठवाड्यातल्या रोजच्या व्यवहारातून घेतली आहेत.

या शास्त्राची मुळे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत सापडतात. अमेरिकेच्या बी-१७ जातीच्या बाँबफेकी विमानांचे काही वैमानिक विमान सुखरूप उतरवल्यावर पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच वर घेत आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसे. तोवर अशा घटनांची नोंद ‘वैमानिकाची चूक’ अशी होत असे. अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ च्या सुमारास दाखवून दिले, की दोन्ही कळा सारख्याच आकाराच्या आणि शेजारी शेजारी आहेत. चाकांच्या कळेला छोटे चाक आणि फ्लॅपच्या कळेला पाचरीसारखा तुकडा बसवल्यावर न पाहताही हाताला फरक कळू लागला. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० ‘चुकां’चे विश्लेषण केले आणि त्यांतल्या बऱ्याचशांचे मूळ उपकरणांच्या मांडणीत असल्याचे मत मांडले. चूक माणसाच्या नावावर टाकण्याआधी वस्तूकडे पाहावे, ही या विद्याशाखेची पायाभूत भूमिका तेव्हापासूनची आहे.

मराठवाड्यात ही भूमिका समजावून सांगणे जरा अवघड जाते, कारण वापरणारा माणूस दोष आधीच स्वतःकडे घेऊन बसलेला असतो. एटीएमसमोर किंवा सेवा केंद्राच्या खिडकीपाशी ‘आपल्याला नाही जमत बाबा, तुम्हीच करा’ हे वाक्य इतक्या सहज येते, की ते नम्रतेचे लक्षण मानले जाते. मात्र तोच माणूस शेतातल्या स्टार्टरच्या पेटीवरून विजेचा अंदाज अचूक सांगतो. पेटीवर लाल, पिवळा आणि निळा असे तीन दिवे असतात. तिन्ही ठळक पेटले तर थ्री फेज आली आहे. एखादा मंद असेल तर दाब कमी आहे. एखादा विझलेला असेल तर मोटर चालू करू नये, नाहीतर ती जळेल. ज्याने कधी शाळेत विजेचा धडा गिरवला नाही तोही हे तीन दिवे लांबून वाचतो. यंत्राची आतली स्थिती बाहेरून, एका नजरेत, शब्दांवाचून दिसते, हे त्या पेटीचे यश आहे. तिच्या घडणीत कोणी मानसशास्त्रज्ञ होता असे नाही.

कृती केल्यावर तिचा परिणाम ताबडतोब कळणे, याला या शास्त्रात प्रतिसाद म्हणतात. तिफणीने पेरताना चाड्यावर (बी सोडण्याच्या नरसाळ्यावर) मूठ धरणाऱ्या बाईच्या बोटांना बी सुटत असल्याचे सतत जाणवते, आणि नळी तुंबली तर चाड्यात बी साचू लागल्याचे क्षणात लक्षात येते. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने काम वेगात होते, पण हा प्रतिसाद हरवतो. चालक पुढे बघत असतो, मागे एखादी नळी मातीने बुजलेली असते, आणि ती ओळ रिकामी गेल्याचे आठवड्याभराने, शेजारच्या ओळी उगवून आल्यावर दिसते. म्हणून यंत्राच्या मागे एक माणूस नळ्यांवर नजर ठेवून चालतो. काही यंत्रांना पारदर्शक नळ्या असतात. उपाय साधा आहे, पण गेलेला प्रतिसाद त्यामुळे निदान डोळ्यांना परत मिळतो. किराणा दुकानातला पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा छोटा खोका याच तत्त्वावर चालतो. दुकानदाराचे हात तराजूवर आणि डोळे गिऱ्हाइकावर असतात, तेव्हा मोकळा राहतो तो कान.

एखादी वस्तू माणसाला कोणती कृती करू देते, या कल्पनेला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन याने अफॉर्डन्स असे नाव दिले; डोनाल्ड नॉर्मन याने १९८८ मध्ये ती रोजच्या वस्तूंना लावून, वस्तू कशी वापरायची हे तिच्या रूपावरूनच सुचणे या अर्थाने, लोकप्रिय केली. हापशाचा दांडा पाहिल्यावर काय करायचे हे कोणाला विचारावे लागत नाही. हापशाच्या इतिहासात जालन्याचे नाव आहे, ते मात्र दुसऱ्या कारणासाठी. विंधन विहिरींवर सुरुवातीला बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप हे युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या अंगणात चालणाऱ्या पंपांच्या धर्तीचे होते. इथे त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्ख्या गावाची रांग लागली आणि ते धडाधड बंद पडू लागले. जालन्यातल्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी एकाच सांध्यावर फिरणाऱ्या पोलादी दांड्याचा मजबूत पंप तयार केला. ‘जालना पंप’ आणि त्यानंतरचा ‘सोलापूर पंप’ यांच्या अनुभवातून, युनिसेफच्या पुढाकाराने, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क-२’ हा जगभर पोहोचलेला हातपंप साकारला. ही कथा मानसशास्त्रापेक्षा यंत्रशास्त्राची अधिक आहे हे मान्य. पण वापरणारा कोण आणि तो किती वेळा वापरणार, हा प्रश्न आधी न विचारल्यास काय होते, याचे मराठवाड्याजवळ यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

माणूस कोणतीही व्यवस्था वापरताना ती कशी चालते याचे एक चित्र मनात धरून चालतो. मनातल्या अशा प्रतिमांची कल्पना ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक याने १९४३ मध्ये मांडली. रचनाकाराच्या मनातले चित्र आणि वापरणाऱ्याच्या मनातले चित्र वेगळे असले, की दोघेही आपापल्या परीने बरोबर असूनही काम चुकते. शेतीच्या क्षेत्राचा रकाना हे त्याचे बोलके उदाहरण होय. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, तर शेतकऱ्याच्या तोंडी आणि मनात एकर-गुंठे असतात. ४० गुंठ्यांचा एक एकर आणि १०० आरचा एक हेक्टर. अडीच एकराचा मालक आपले रान ‘दोन एकर वीस गुंठे’ असे सांगतो आणि अर्जात साहजिकच २.२० लिहितो. रकाना ते दोन हेक्टर वीस आर असे वाचतो, म्हणजे जवळजवळ साडेपाच एकर. लिहायला हवे होते १.०१. गुंठा (१०१.१७ चौरस मीटर) आणि आर (१०० चौरस मीटर) जवळपास सारखे असल्याने गोंधळ आणखी वाढतो, कारण दशांश चिन्हापुढचा आकडा दोन्ही पद्धतींत पटण्यासारखा दिसतो आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यांत खुपत नाही. ‘क्षेत्र हे. आर मध्ये भरा’ अशी सूचना लाल अक्षरांत छापून हा प्रश्न सुटत नाही, कारण चूक वाचनाची नसून मनातल्या मापाची आहे. एकर आणि गुंठे यांचे दोन वेगळे रकाने ठेवून हिशेब यंत्राने करावा, आणि भरलेला आकडा ‘म्हणजे अडीच एकर, बरोबर का?’ असा उलट वाचून दाखवावा, हा उपाय तुलनेने स्वस्त आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या व्यवस्थेत शेतकरी बांधावर उभा राहून स्वतः नोंद करतो. शेजारी विचारायला तलाठी नसतो, त्यामुळे अशा बारकाव्यांचे वजन वाढले आहे.

स्मरणशक्तीच्या मर्यादांविषयी जॉर्ज मिलर याचा १९५६ चा निबंध प्रसिद्ध आहे. माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात सात, फार तर दोन इकडे-तिकडे, एवढेच घटक मावतात, असे त्याने मांडले; नेल्सन कोवन याने २००१ मध्ये ही संख्या चारच्या आसपास आणली. लांब आकडे तुकड्यांनी सांगण्यामागचे कारण हेच. मराठीत या तुकड्यांना एक अंगभूत अडचण आहे. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर, लिहिताना मात्र ४ आधी येतो. फोनवरून ओटीपी किंवा मोबाइल नंबर सांगताना ४३ चे ३४ होतात ते इथेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर टिंगल झाली. भाषेचे नुकसान हा आक्षेप समजण्यासारखा होता, पण पद्धतीमागचे मानसशास्त्रीय कारण खरे होते. तरुण मंडळींनी आपला मार्ग केव्हाच काढला आहे : बोलणे मराठीत चालते आणि नंबर ‘नाइन एट टू’ असा इंग्रजीत, एकेक आकडा सुटा करून.

हालचालीच्या नियमांपैकी फिट्सचा नियम (१९५४) सर्वांत उपयोगी ठरला आहे. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तिथे पोहोचायला वेळ लागतो. पर्याय वाढले की निर्णयाचा वेळ वाढतो, हे विल्यम हिक याने १९५२ मध्ये दाखवले. शेगडीची बटणे आणि बर्नर यांच्या मांडणीवर चापानिस व लिंडेनबाम यांनी १९५९ मध्ये प्रयोग केले. बर्नर थोडे सरकवून बटणांच्या क्रमाशी जुळवले, तेव्हा प्रयोगात एकही चूक झाली नाही. आपल्याकडच्या दोन बर्नरच्या शेगडीत हा प्रश्न येतच नाही, चार बर्नरच्या नव्या शेगड्यांत तो हमखास येतो.

चुकांचे दोन प्रकार मानतात. हेतूच चुकीचा असणे हा एक, आणि हेतू बरोबर असून हात किंवा लक्ष घसरणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारावर समज देऊन इलाज होत नाही, रचनाच बदलावी लागते. सुरुवातीची अनेक एटीएम यंत्रे पैसे आधी देत आणि कार्ड नंतर. पैसे हाती आले की मनाने काम संपलेले असे आणि कार्ड यंत्रातच राहून जाई. क्रम उलटा केल्यावर विसरणे घटले. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर त्याहून पुढचा आहे, कारण वाफेचा दाबच झाकण आतून दाबून धरतो आणि दाब उतरेपर्यंत ते निघत नाही. घाई कितीही असली तरी ती चूक करताच येत नाही.

अक्षरओळख नसलेल्यांसाठी केलेल्या रचनेत भारताचा अनुभव जुना आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, जेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, मतदार चिन्ह पाहून पेटी निवडत असे. मतदान यंत्राची बाह्य रचना आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले प्राध्यापक ए. जी. राव आणि रवि पूवय्या यांनी केली. निळे बटण दाबताच चिन्हासमोरचा लाल दिवा लागतो, लांब ‘बीप’ ऐकू येतो आणि नंतर जोडलेल्या व्हीव्हीपॅटमध्ये सात सेकंद चिठ्ठी दिसते. एकाच कृतीला तीन प्रतिसाद दिल्यामुळे नजर अधू असलेल्या आजोबांना आणि ऐकू कमी येणाऱ्या आजींना निदान एक तरी खूण पोहोचते. याच केंद्रात तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ या मोबाइल कळफलकात अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने मांडली आहेत आणि व्यंजनाला बोट लावताच त्याची बाराखडी भोवती चक्रासारखी उमलते. पाटीवर शिकलेला क्रम इथे पुन्हा कामी येतो.

रचना तपासण्याची मुख्य पद्धत म्हणजे खऱ्या वापरणाऱ्यांना काम देऊन, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगून, शांतपणे पाहत राहणे. हा शांतपणा फार कठीण असतो. मराठवाड्यात त्यात आदरातिथ्याची भर पडते. शहरातून आलेल्या साहेबाला आधी चहा मिळतो, मग बसायला खुर्ची, आणि शेवटी ‘छान आहे की, काही अडचण नाही’ हे उत्तर. हा केवळ कयास नाही. बंगळूरू येथे झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन सारख्याच गोष्टींपैकी मुलाखतकाराने बनवलेली म्हणून सांगितलेली गोष्ट लोकांनी अडीच पट अधिक पसंत केली. मुलाखतकार परदेशी असून दुभाषी लागत असेल तर हे प्रमाण पाच पटींवर गेले. अपाला लाहिरी चव्हाण यांचे ‘बॉलिवूड तंत्र’ याच अडचणीवरचे आहे. वापरणाऱ्याला सिनेमात शोभेल असा नाट्यमय प्रसंग सांगून त्यात शिरायला लावले, की भीड सुटते आणि तक्रार मोकळेपणाने बाहेर पडते. गावात याहून साधी युक्तीही चालते. त्या माणसाला स्वतःच्या वापराबद्दल न विचारता, ‘हे तुमच्या शेजाऱ्याला शिकवून दाखवा’ म्हणावे. शिकवताना तो जिथे अडखळतो तिथे रचना अडखळलेली असते.

मानसशास्त्राचे हेच ज्ञान उलट्या दिशेनेही वापरले जाते. वापरणाऱ्याला फसवून नको ते करायला लावणाऱ्या मांडणीला हॅरी ब्रिग्नल याने २०१० मध्ये डार्क पॅटर्न असे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि अशा १३ प्रकारांची यादी दिली. खोटी घाई दाखवणे, टोपलीत गुपचूप जादा वस्तू घालणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे हे त्यांतले काही होत. फिट्सचा नियम इथे कपटाने पाळलेला दिसतो : ‘घ्या’चे बटण अंगठ्याखाली, आणि जाहिरात बंद करण्याची फुली कोपऱ्यात, जोंधळ्याच्या दाण्याएवढी. मराठीपुरता एक प्रकार रोज पाहण्यात येतो. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपमध्ये अटी बारीक इंग्रजीत असतात आणि त्यांखालचे ‘मान्य आहे’ हे बटण तेवढे ठसठशीत मराठीत.