84 आणि 82 : गिरगावातल्या एका चिठ्ठीमागचा इतिहास

23 फेब्रुवारी 2017. मुंबई महापालिकेची मतमोजणी. गिरगाव परिसरातल्या प्रभाग क्रमांक 220 मध्ये शिवसेनेच्या सुरेंद्र बागलकरांना 5,946 मतं पडली आणि भाजपच्या अतुल शहांनाही 5,946. फेरमोजणी झाली, आकडा हलेना. मग कायद्यात लिहिलेला शेवटचा उपाय उरला, आपल्याकडे जिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात ती. चिठ्ठी शहांच्या नावाची निघाली. भाजप 81 चा 82 झाला आणि सेना 84 वरच थांबली. तीच चिठ्ठी बागलकरांच्या नावाची निघाली असती, तर 85 विरुद्ध 81 असा निकाल लागला असता आणि 'काट्याची टक्कर' हे शब्द जरा कमी वेळा छापले गेले असते.

227 नगरसेवकांच्या सभागृहात बहुमताला 114 लागतात. काँग्रेस 31, राष्ट्रवादी 9, मनसे 7, समाजवादी पक्ष 6, एमआयएम 2 आणि बाकीचे किरकोळ. सेना आणि काँग्रेसची बेरीज जेमतेम 115 भरत होती, बाकी काहीही कशातही मिसळलं तरी सहजासहजी 114 होत नव्हते. ते होण्याचा सरळ रस्ता एकच होता, सेना-भाजप युतीचा, आणि तो महिन्यापूर्वीच दोन्ही बाजूंनी वाजतगाजत बंद केला होता.

तरीही दोन आठवड्यांत महापौर ठरला आणि तोही दणदणीत मतांनी. हे कसं घडलं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. 2014 पर्यंत तर जावंच लागतं. पण खरी गाठ त्याच्याही फार आधीची, 1865 ची आहे.

त्या वर्षीच्या कायद्यानं मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताच्या हाती दिला. वर नावाला 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणजे सरकारनं नेमलेल्या प्रतिष्ठित मंडळींचा बेंच होता, पण तिजोरीची किल्ली व्यवहारात क्रॉफर्डकडेच होती. त्यानं रस्ते केले, गटारं केली, आजही त्याच्या नावानं ओळखली जाणारी मंडई उभी केली आणि या सगळ्यात पालिका कर्जात बुडवली. 1871 मध्ये करदाते भडकले. आयुक्ताचे अधिकार काढून घ्या, अशी ओरड सुरू झाली. त्या गदारोळात विलायतेहून नुकताच बॅरिस्टर होऊन आलेला सव्वीस वर्षांचा एक पारशी तरुण उठला आणि त्यानं उलटाच सूर लावला. दोष आयुक्त या पदाचा नाही, त्याच्यावर लोकांनी निवडलेल्यांचा अंकुश नाही हा दोष आहे, असं त्याचं म्हणणं. तरुणाचं नाव फिरोजशहा मेहता. त्या दिवशी त्यांचं फारसं कुणाला पटलं नाही. पण 1872 च्या कायद्यानं 64 सदस्यांची पालिका आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. 1888 च्या कायद्यानं या रचनेला पक्का आकार दिला, आणि त्यावर मेहतांची छाप उघड आहे. त्यांचा पुतळा आज पालिकेच्या मुख्यालयासमोर उभा आहे, तो उगाच नव्हे.

1888 चा तो कायदा, असंख्य दुरुस्त्यांसह, अजून लागू आहे. त्यानं सत्तेचे तीन वाटे केले : सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त. महापौर हे नाव तर 1931 मध्ये आलं. तोवर पालिकेचा अध्यक्ष असायचा. नाव भारदस्त झालं, अधिकार तेवढेच राहिले. मुंबईचा महापौर शहराचा प्रथम नागरिक असतो, सभागृह चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो. प्रशासन मात्र आयुक्त चालवतो. आणि आयुक्ताची नेमणूक करतं राज्य सरकार. 1998 मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग करून महापौराच्या हाती खरी सत्ता देऊन पाहिली होती. तो वर्षभरातच गुंडाळला गेला.

मग पक्ष एवढे जिवावर उदार होऊन लढतात कशासाठी? मधल्या वाट्यासाठी, म्हणजे स्थायी समितीसाठी. ठरावीक रकमेवरचं कंत्राट तिच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाही. अर्थसंकल्प आधी तिच्यासमोर येतो. सुधार समिती, शिक्षण समिती, बेस्ट समिती यांचीही वजनं आहेत, पण पालिकेतल्या जुन्या माणसाला विचाराल तर तो सांगेल की महापौराची गाडी लाल दिव्याची असायची, पण रस्ता स्थायीतून जायचा. आणि या समित्यांमधल्या जागा सभागृहातल्या पक्षीय बलाबलाच्या प्रमाणात वाटल्या जातात. म्हणून गिरगावातली एक चिठ्ठी म्हणजे नुसता एक नगरसेवक नव्हता.

पैसा किती, तर 2016-17 चा अर्थसंकल्प 37 हजार कोटींचा होता. देशातल्या काही छोट्या राज्यांपेक्षा मोठा. शिवाय बँकांमधल्या ठेवी 60 हजार कोटींच्या आसपास. खर्च मात्र ठरल्याइतका कधीच व्हायचा नाही, म्हणून निवडणुकीनंतर आयुक्तांनी 2017-18 चा अर्थसंकल्प 25 हजार कोटींवर आणून ठेवला. फुगवलेला फुगा त्यांनी स्वतःच फोडला, हे एक बरं केलं.

शिवसेना या पालिकेत शिरली ती 1968 साली. प्रजा समाजवादी पक्षाशी हातमिळवणी करून लढली आणि 140 पैकी 42 जागा घेऊन गेली. दोन वर्षांपूर्वी जन्मलेल्या संघटनेसाठी हा आकडा मोठाच होता. 1971 मध्ये डॉ. हेमचंद्र गुप्ते महापौर झाले, दोन वर्षांनी सुधीर जोशी. पण स्वतःच्या ताकदीवर सत्ता आली ती 1985 ला. गिरणी संप होऊन गेला होता, गिरणगावात भाकरीची चिंता होती, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव असल्याची कुजबुज काँग्रेसमधूनच बाहेर आली. सेनेनं त्या एका मुद्द्यावर निवडणूक फिरवली. 170 पैकी 74 जागा आल्या आणि छगन भुजबळ महापौर झाले. 1992 ला काँग्रेसनं पालिका परत घेतली खरी. पण 1997 पासून पुढची पंचवीस वर्षं भगवा खाली उतरला नाही.

त्या पंचवीस वर्षांचा हिशेब नीट पाहिला तर मात्र वेगळंच चित्र दिसतं. 1997 ला सेनेचे 103 नगरसेवक होते. 2002 ला 97. 2007 ला 84. 2012 ला 75. प्रत्येक वेळी सत्ता आली आणि प्रत्येक वेळी आकडा घसरला. 2005 च्या अखेरीस राज ठाकरे बाहेर पडले, 2006 मध्ये मनसे झाली, आणि 2012 ला त्यांच्या 28 नगरसेवकांनी सेनेला थेट दादरमध्ये, म्हणजे सेनाभवनाच्या दारातच पाडलं. तरी सत्ता टिकली, ती भाजपच्या तीसेक नगरसेवकांच्या टेकूवर. थोरला भाऊ थकत चालला होता आणि धाकट्याला ते दिसत होतं. जागावाटपात मात्र थोरल्याची मिजास जुनीच.

2014 ला मोदींच्या लाटेनंतर धाकट्यानं हिशेब मागितला. 25 सप्टेंबर 2014 ला विधानसभेसाठीची युती तुटली. भाजप 122, सेना 63. पण पालिकेच्या दृष्टीनं महत्त्वाचा आकडा वेगळा होता : मुंबईतल्या 36 विधानसभा मतदारसंघांपैकी भाजप 15, सेना 14. सेनेच्या मुंबईत भाजप एका जागेनं पुढे गेला होता. 2017 ची पालिका निवडणूक खरं तर त्या दिवशीच सुरू झाली. डिसेंबरमध्ये सेना राज्य सरकारात सामील झाली, पण ती सत्तेत बसून विरोधी बाकांची भाषा बोलायची. मंत्र्यांचे राजीनामे खिशात असल्याची विधानं आठवत असतील.

मध्यंतरी आणखी एक गोष्ट घडली, जिची चर्चा कमी झाली. 2011 च्या जनगणनेनुसार प्रभागांची फेररचना झाली. एकूण संख्या 227 च राहिली, पण शहर भागातले सात प्रभाग कमी होऊन उपनगरांत गेले. आता शहरात 56, पूर्व उपनगरांत 69 आणि पश्चिम उपनगरांत 102. लालबाग-परळ-गिरगावच्या चाळींतला मराठी माणूस बदलापूर-विरारकडे सरकला, याची ही सरकारी पावतीच म्हणायची. सेनेचं हाड जुन्या शहरातलं, भाजपचं बळ बोरिवली-मुलुंडकडचं. नकाशानंच थोडा काटा झुकवला होता.

जानेवारी 2017 मध्ये जागावाटपाची बोलणी बसली. भाजपनं 114 मागितल्या. सेनेनं 60 पुढे केल्या. याला बोलणी म्हणायचं की एकमेकांची चेष्टा, हा प्रश्नच आहे. 26 जानेवारीला गोरेगावच्या सभेत उद्धव ठाकरेंनी यापुढे युती नाही असं जाहीर केलं. मग प्रचार काय वर्णावा! मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस 'पारदर्शकता' हा शब्द घेऊन उतरले. नालेसफाईतला गाळ, रस्त्यांच्या कामातले घोटाळे, ठेकेदारांचं साटंलोटं. वीस वर्षं त्याच पालिकेत सेनेच्या मांडीला मांडी लावून बसलेला पक्ष हे बोलत होता, ही गंमत कुणाच्या नजरेतून सुटली नाही. सेनेनं नोटाबंदी काढली आणि 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचं वचन दिलं. (ते वचन 2022 च्या पहिल्या दिवशी पूर्णत्वाला आलं, तेव्हा पुढची निवडणूक तोंडावर होती.) काँग्रेस आपसात भांडत होती. संजय निरुपम आणि गुरुदास कामत यांच्या गटांनी एकमेकांचे हिशेब चुकते केले आणि पक्ष 52 वरून 31 वर आला. तिसरा पर्याय बाजूला झाल्यामुळे मतदारासमोर लढत सरळ दोघांची उरली.

21 फेब्रुवारीला सुमारे 55 टक्के मतदान झालं. 2012 ला ते 45 च्या आत होतं. दहा टक्क्यांची ही भर कुणाच्या पारड्यात गेली याचं उत्तर निकालातच आहे : बहुधा दोघांच्याही. सेनेनं मराठी पट्ट्यातल्या जागा मनसेकडून परत खेचल्या, मनसे 28 वरून 7 वर कोसळली. भाजपनं 31 चे 82 केले. सेनेच्या वाढलेल्या नऊ जागा आणि भाजपच्या वाढलेल्या पन्नासेक, या तुलनेत जिंकलं कोण, हे तुम्ही कुठल्या शाखेजवळ राहता त्यावर ठरत होतं.

मग सुरू झाली जुळवाजुळव. सेनेनं चार जणांचा पाठिंबा मिळवला, 88 झाले. काँग्रेसशी बोलणी चालल्याच्या बातम्या उठल्या. आणि 4 मार्चला फडणवीसांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की भाजप महापौरपद लढवणार नाही, उपमहापौरपद नाही, स्थायी समितीचं अध्यक्षपदही नाही. आम्ही पारदर्शकतेचे पहारेकरी म्हणून काम करू. पालिकेच्या कारभारात सुधारणा सुचवायला समिती नेमण्याची घोषणाही त्यांनी केली.

82 नगरसेवक हातात असताना मैदान का सोडलं? कारण आकड्यांची दुसरी बेरीज मंत्रालयात होती. 288 च्या विधानसभेत बहुमताला 145 लागतात, भाजपकडे 122 होते, आणि सेनेचे 63 आमदार सरकार 'नोटीस पीरियड'वर असल्याचं बोलत होते. महापौर हिसकावला असता तर मुख्यमंत्रिपद डुगडुगलं असतं. आणि दुसरं असं की, महापौर सोडून भाजपचं नेमकं काय गेलं? आयुक्त राज्य सरकारचाच होता. 1888 च्या कायद्यानं प्रशासनाचा वाटा आधीच मुख्यमंत्र्यांच्या खिशात ठेवला होता. सेनेला मिळाली ती उरलेल्या वाट्यांची हमी. त्यागाचं कौतुक करताना हा तपशील लक्षात ठेवलेला बरा.

8 मार्चला विश्वनाथ महाडेश्वर 171 मतांनी महापौर झाले. काँग्रेसच्या विठ्ठल लोकरेंना 31 मतं. पंधरा दिवसांपूर्वी एकमेकांना गाडायला निघालेल्यांनी एकाच उमेदवारासाठी हात वर केले. सभागृहात 'मोदी, मोदी' आणि 'जय भवानी' मात्र एकाच वेळी घुमत होतं, हा भाग युतीच्या व्याख्येत बसवावा लागेल. जुलैमध्ये जकात गेली, तिची भरपाई म्हणून राज्यानं 647 कोटींचा पहिला धनादेश पालिकेला दिला, तर त्या समारंभातही घोषणाबाजीच झाली.

खरी धाकधूक ऑक्टोबरमध्ये आली. भांडुपच्या प्रभाग 116 मधल्या काँग्रेस नगरसेविकेच्या निधनानंतर पोटनिवडणूक लागली आणि जागा भाजपनं जिंकली. आता आमचा महापौर, अशी भाषा लगेच सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी सेनेत उडी घेतली. सातात सहा म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक, त्यामुळे पक्षांतरबंदीतून वाट निघाली. तरी त्या गटाला मान्यता मिळायला जानेवारी 2018 उजाडला. दहा वर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन भाऊ आणि फोडाफोडीचा हा प्रसंग. राज ठाकरेंचा त्या दिवसांतला संताप जुन्या मुंबईकरांना आठवत असेल.

7 मार्च 2022 ला या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक ओबीसी आरक्षण व प्रभागसंख्येच्या वादात अडकली. 227 चे 236 केले, पुन्हा 227 केले. जवळपास चार वर्षं मुंबईला एकही नगरसेवक नव्हता. आयुक्तच प्रशासक, तोच सभागृह आणि तोच स्थायी समिती. फिरोजशहांनी 1871 मध्ये जो प्रश्न विचारला होता, तो दीडशे वर्षांनी मुख्यालयात त्यांच्या पुतळ्याच्या पाठीमागेच येऊन बसला.

दरम्यान जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. 15 जानेवारी 2026 ला अखेर मतदान झालं तेव्हा भाजप 89 वर पहिला आला, एकनाथ शिंदेंच्या सेनेला 29 मिळाल्या, दोघांचे मिळून 118, म्हणजे 114 पेक्षा चारच जास्त. उद्धव ठाकरेंच्या पक्षाला 65. दोन्ही सेनांची बेरीज केली तर 94 भरते. 2017 मध्ये एकसंध असताना होत्या त्यापेक्षा दहा जास्त.