काउंटी आरोग्य विभाग (अमेरिका)

अमेरिकेत काउंटीतील रहिवाशांच्या सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी सांभाळणारी स्थानिक सरकारी यंत्रणा. काउंटी साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. मात्र आकारात कमालीची तफावत. २०२० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटीहून अधिक लोक होते, टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत अवघे ६४. त्यामुळे काही लहान काउंट्या मिळून एकच विभाग चालवतात. मॅसॅच्युसेट्समध्ये हे काम मुख्यतः शहरा-गावांच्या आरोग्य मंडळांकडे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक ग्रामीण भागांत एखादा खासगी डॉक्टर आपला दवाखाना सांभाळून आरोग्याधिकाऱ्याचे काम पाहत असे. १९११ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील याकिमा काउंटीत विषमज्वर पसरला. तपासासाठी आलेल्या डॉ. लेस्ली लम्सडेन यांनी उघडे संडास, माश्या आणि दूषित पाणी यांवर बोट ठेवले व पूर्णवेळ विभागाची शिफारस केली. तो लगेच स्थापनही झाला. नॉर्थ कॅरोलायनातील गिलफर्ड काउंटीचा विभाग त्याच वर्षीचा. केंटकीतील जेफरसन काउंटी तर आपला पूर्णवेळ विभाग १९०८ सालचा असल्याचा हक्क सांगते. पहिला मान कोणाचाही असो, पूर्णवेळ माणूस हवा हे पटणे अधिक महत्त्वाचे होते. दक्षिणेतील राज्यांत रॉकफेलर सॅनिटरी कमिशनच्या हुकवर्म (आतड्यातील एक जंत) मोहिमेने (१९०९–१४) तोच धडा दिला: औषधाने जंत पडत, पण संडास नसले की अनवाणी पायांतून पुन्हा शरीरात शिरत. म्हणजे एकदाच्या मोहिमेने भागत नव्हते.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण तपासले जातात. काउंटी विभागाचा भर मात्र रोग होऊ न देण्यावर असतो. लसीकरण, हॉटेलांची तपासणी, विहिरी व सेप्टिक टाक्यांचे परवाने, गुप्तरोगांत संपर्कातील व्यक्तींचा शोध ही त्याची नेहमीची कामे. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी व ५ वर्षांखालील मुलांसाठीची ‘विक’ ही केंद्र सरकारची पोषण योजना (१९७२ पासून) अनेक ठिकाणी याच विभागामार्फत चालते. क्षयरोग्याच्या घरी जाऊन, हल्ली व्हिडिओवरूनही, तो रोजची गोळी गिळतो का हे कर्मचारी पाहतात. या चिकाटीच्या कामाचे मोल फार मोठे आहे. अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांचाही इथे संबंध येतो: व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत क्षयाची शंका नोंदली गेल्यास स्थानिक आरोग्य विभागाला कळवले जाते. मराठी मंडळाच्या सार्वजनिक गणेशोत्सवात खाद्यपदार्थांचे स्टॉल लावायचे, तर बहुधा याच विभागाचा तात्पुरता परवाना काढावा लागतो.

आरोग्याधिकाऱ्याचे कायदेशीर अधिकार १६ मार्च २०२० रोजी सर्वांना दिसले. आरोग्याधिकारी डॉ. सारा कोडी यांच्या सांता क्लारासह सॅन फ्रान्सिस्को परिसरातील सहा काउंट्यांनी कोविडमुळे लोकांना घरात थांबण्याचा आदेश दिला. कॅलिफोर्निया राज्याचा आदेश त्यानंतर तीन दिवसांनी आला.

पैशाच्या बाबतीत मात्र ही यंत्रणा कायम परावलंबी राहिली आहे. माता-बालकांसाठी १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने सुरू झालेले केंद्रीय अनुदान १९२९ मध्ये बंद पडले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने मदत पुन्हा सुरू केली. आजही बराच निधी एकेका रोगाच्या किंवा योजनेच्या नावाने येतो. अनुदान संपले की त्यावर नेमलेल्या परिचारिकेचे पदही जाते, आणि पुढची साथ आली की भरती नव्याने करावी लागते. कोविडकाळात संपर्कशोधासाठी नेमलेल्या अनेकांचे असेच झाले.