रोजगार हमीचे पैसे नक्की कोण देतं? थोडी मागची हिस्टरी

महाराष्ट्रात बहुतेकांच्या पगारातून दर महिन्याला प्रोफेशन टॅक्सचे 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. हा टॅक्स 1975 ला आला तो मुळात रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी पैसे द्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने टाकायची, असा सरळ हिशोब.

कल्पना तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला त्यांनी ती करून बघितली, मग 1972 चा दुष्काळ पडला, बाया-माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या मातीकामाला गेली, सुकडी खाऊन दिवस काढले, आणि त्यातूनच पुढे 1977 चा कायदा झाला, जो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम, दिवसांची मर्यादा नाही! कायदा राज्याचा, पैसाही राज्याचा. मला तर हे महाराष्ट्राचं सगळ्यात मोठं काम वाटतं आणि आपण ते विसरत चाललोय याचं खरंच वाईट वाटतं.

2005 ला केंद्राने कायदा करून हीच गोष्ट देशभर नेली (तीच पुढे मनरेगा), घरटी वर्षाला 100 दिवस. अंगमेहनतीची मजुरी पूर्ण केंद्राची, सामानाचा 75 टक्के खर्चही केंद्राचा, पण 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता मात्र राज्याने द्यायचा, म्हणजे काम काढणंच राज्याला परवडावं अशी ती मेख होती. महाराष्ट्राने 100 दिवसांच्या पुढचा खर्च स्वतःकडे ठेवला. अडचण कुठे झाली, तर दिल्लीहून पैसे लेट आले की मजुरी थकायची आणि लोक जाब विचारायचे गावातल्या रोजगार सेवकाला, ज्याच्या हातात मस्टर, म्हणजे हजेरीपट, सोडून काहीच नाही.

डिसेंबर 2025 मध्ये मनरेगाच्या जागी 'जी राम जी' कायदा आला. दिवस 125 झाले, पण बहुतेक राज्यांसाठी खर्च आता 60 टक्के केंद्राचा, 40 टक्के राज्याचा, शिवाय कुठल्या राज्याला किती द्यायचं ते केंद्र आधीच ठरवणार, त्याच्या वर गेलं तर ते राज्याच्या डोक्यावर. दुष्काळाच्या वर्षी कामाची मागणी एकदम वाढते आणि नेमकी तेव्हाच राज्याची तिजोरीही ओढलेली असते. महाराष्ट्र कसंतरी निभावेल, पण बिहार-झारखंडकडे मुंबई-पुण्याएवढा पगारदार वर्ग नाही, त्यांनी हे 40 टक्के आणायचे कुठून?