टोप केवढं घ्यावं?

"काका, पावसात हवेत आधीच एवढं पाणी, वाफ जाईल कुठे? ३० लिटरचं टोप पुरे."

फोंड्यात आमच्या शेजारच्या मुलाला २० लिटर बीअर करायची होती, पिशवीच्या पद्धतीने. सगळं पाणी एकदम टोपात, कापडी पिशवीत भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव), तासभर ६६ अंशांवर. मग पिशवी पिळून काढायची आणि गोड काढा हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) घालून तासभर उकळायचा. (परवान्याचा प्रश्न वेगळा, आज फक्त टोप.)

आषाढात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, हे खरंच. २७ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब साधारण २७ मिलिमीटर पारा, आणि दमट हवेतल्या वाफेचा २४-२५. फरक जेमतेम दोन-तीनचा, मग कपडे वाळणार कसे? पण पाणी उकळतं तेव्हा त्याच्या वाफेचा दाब हवेच्या एकूण दाबाएवढा, म्हणजे ७६० झालेला असतो. त्यापुढे २५ म्हणजे किस झाड की पत्ती! बुडबुडे तर पाण्याच्या पोटातच होतात, ते हवेची परवानगी मागत नाहीत. वाफ किती जाणार ते जाळ ठरवतो. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. अडीच किलोवॉट उष्णता तासभर पाण्याला मिळाली की ४ लिटर गेलंच, मे असो की जुलै. झाकण ठेवून वाफ वाचवू म्हणाल, तर माल्टमधला उकडलेल्या कोबीसारखा वास देणारा डायमिथाइल सल्फाइड परत टोपातच ठिबकतो. फेणीवाल्याला वाफ धरायची असते, इथे ती घालवायची असते.

हिशेब असा: बीअर २०, तळाचा गाळ दीड, वाफ ४, पिळूनही ५ किलो माल्टमध्ये राहणारं ३. झालं साडेअठ्ठावीस. शिवाय बुडालेलं माल्ट किलोमागे पाऊण लिटरला थोडी कमी जागा खातं, तेव्हा पातळी ३२ च्या आसपास. वर पेज उतू जाते तसा पहिल्या उकळीचा फेस. म्हणून ४० लिटरचं टोप.

पठ्ठ्याने वाफ अडीच लिटरच धरून २७ लिटर पाणी घेतलं. चार किलो माल्ट नीट आत गेलं. पाचव्याला पाणी काठावरून शेगडीवर, आणि शेगडी फस्सकन विझली. आता तो त्याच टोपात १४ लिटरच करतो.